चार वाजून सात मिनिटे

सातची घंटा झाली की शाळेचे फाटक मी स्वतः बंद करीत असे. उशिरा आलेल्याने मुकाट्याने घरी परतायचे, मग तो कोणाचाही मुलगा असो.

निवृत्तीनंतरच्या अठरा वर्षांत एकाच माजी विद्यार्थ्याने भेटायला येऊ का, असे विचारले. मी त्याला चारची वेळ दिली. चार वाजून सात मिनिटांनी जिन्यावर पावले वाजली, दारापाशी थबकली आणि पुन्हा खाली उतरू लागली. हाक मारावी असे मनात आले. पण उशिरा आलेल्याला मी आयुष्यात कधी हाक मारलेली नव्हती.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाई, चुकलो. बस उशिरा आली. घड्याळ बघितलं आणि दारातूनच मागे फिरलो."

"वय काय तुझे?"

"एकसष्ट. केस गेले बाई, तुमची भीती काही गेली नाही! उद्या मुलाकडे निघालोय, कायमचाच. म्हटलं, निदान माफी तरी मागावी."

"उद्या तरी वेळेवर निघ," मी नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले.

फोन ठेवून उठले, आणि दुपारी दोनपासून नुसतेच लोटून ठेवलेल्या दाराला कडी घातली.