हार्सोयोंचा होकार

"राष्ट्राध्यक्षांना नाही म्हणायची माझी काय बिशाद!" हार्सोयो हसत म्हणाले. "कधी निघायचं, तेवढं सांग."

जकार्ताहून आलेल्या प्रियोनोने नेमणुकीचा कागद टेबलावर ठेवला. एके काळी तो हार्सोयोंच्याच हाताखाली होता. हार्सोयो आधी जिल्हाधिकारी, मग गृहखात्याचे सचिव, मग दोन देशांत राजदूत. माणूस कुठे अडला म्हणून नाही! आजही सकाळी स्वतः बाजार करून आले होते, तरी चेहरा टवटवीत. आता तिसरा देश.

त्यांची बायको लस्तरी दारात उभ्या होत्या. योग्याकार्तातलं हे घर बांधलं, पण त्यात सलग वर्षभर राहणं काही नशिबी आलं नव्हतं.

"मी नाही हो आता सामान बांधणार," त्या म्हणाल्या. "गुडघे पार गेलेत. नातीला खेळवायचं कधी?"

"बांधशील गं! आधी चहा आण."

प्रियोनो कसनुसा हसला. "वहिनी रागावल्या वाटतं."

"ती रोजच रागावते. तू ऐक." साहेब रंगात आले. राजदूत असताना तिथल्या एका मंत्र्याला आपलं एक बंदर हवं होतं. तोंडावर नाही कसं म्हणायचं? "मी चहासोबत केळी ठेवली. त्या बाबाने चार खाल्ली, वर म्हणतो, झकास!"

प्रियोनो पोट धरून हसला. आपल्याकडे मुलगी द्यायची नसली की तिची आई चहासोबत केळी ठेवते आणि पाहुणे निमूट उठतात, हे त्या परक्याला कुठून कळणार!

"आपल्या माणसाला बरोबर कळतं," म्हणत साहेबांनी सहीसाठी पेन काढलं.

तेवढ्यात लस्तरींनी ट्रे आणून ठेवला. दोन कप चहा. मधोमध बशीत केळी.

प्रियोनोचं हसू मावळलं. त्याने गुपचूप चहा संपवला आणि कागद बॅगेत सरकवला.

"अरे, तिचं काय मनावर घेतोस! मी तयार आहे ना!" साहेब चिडले.

"तुम्ही हो म्हणालात, हेच मी वर सांगेन, साहेब. पण घरच्या बाईचं मन मोडून कुणाला पाठवत नाहीत. येतो, वहिनी."

गाडी फाटकाबाहेर पडली. हार्सोयोंनी निरोपाला हलवत असलेला हात खाली घेतला, एक केळं सोललं आणि अर्धं लस्तरींच्या हातावर ठेवलं.

"किती उशीर केलास गं! सकाळी बाजारातून केळी कशाला आणून दिली होती मी? पेनाचं टोपण काढायची वेळ आली ना!"