मधली फळी

शर्वरी काचेच्या पेटीत मधोमध फळी बसवत होती. बेअर्डेड ड्रॅगन जातीचे पाळीव सरडे दोन, म्हणून उबेचे दिवेही दोन. तिच्या सासूबाईंना, कुसुमताईंना, हे काही पटेना. मुलगा-सुनेचा वेगळ्या फ्लॅटचा विषयही त्यांनी कालच उडवून लावला होता.

“राहू देत की एकत्र. बघ, एकमेकांच्या अंगावर बसून कसे प्रेमानं शेकताहेत!”

“प्रेम नाही ते, आई. वरचा सगळी ऊब घेतो. खालचा हळूहळू खायचं सोडतो.”

“तक्रार तर करत नाही.”

“नाहीच करत.”

कुसुमताईंनी खालच्या सरड्याकडे पाहिलं, मग सुनेच्या बशीकडे. सकाळचे पोहे तसेच होते.

त्यांनी फळी सरळ धरली. “रविवारी तो फ्लॅट बघून या. ऊन येतं का, तेवढं नीट बघ.”