यादीतलं दुसरं नाव

“सुकरी मडावी बोलून राह्यल्या का?” फोनवरच्या बाईनं विचारलं.

रंजीता ‘नाही’ म्हणणारच होती. सुकरी तिची खोलीतली सोबतीण. दोघींची फिजिओथेरपीची इंटर्नशिप गडचिरोलीत नुकतीच संपली होती, आणि सुकरी पंडुमाच्या सणाला आपल्या गावी, पार जंगलात आत गेली होती. तिच्या गावात टॉवर नाही, म्हणून नोकरीच्या अर्जावर तिनं रंजीताचाच नंबर टाकायला लावला होता. “फोन आला का कंडक्टरजवळ निरोप दे मले,” असं सांगून, वर रंजीताची नवी ओढणी खांद्यावर टाकून ती निघूनही गेली होती.

“मी सिरोंच्याच्या नव्या दवाखान्यातून इंदुताई,” बाई म्हणाली. “तुमचाच अर्ज पसंत पडला जी. सोमवारपासून या. ते तेंदूपत्त्याचं वाचून आमच्या डॉक्टरबाई भारी खूश झाल्या.”

ते तेंदूपत्त्याचं लिहिलं कोणी? तिनं! बॅचमधल्या सगळ्यांचे बायोडाटा आणि अर्ज तीच लिहून द्यायची. ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरात वाढलेली मुलगी, इंग्रजी पक्कं, लिहिण्यात हात साफ. सुकरीला मात्र स्वतःबद्दल दोन ओळी सांग म्हटलं तरी जांभया यायच्या. “तूच लिव न काही,” म्हणायची.

खोदून खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं होतं. लकवा झालेल्या एका म्हाताऱ्याची बोटं वळत नव्हती आणि रबरी चेंडू दाबायला तो तयार नव्हता. मी काय लहान पोट्टा आहो काय, म्हणायचा. सुकरीनं त्याच्यापुढे विडीची तेंदूची पानं आणून टाकली आणि पुडकी बांधायला बसवलं. वर त्याच्या बांधणीला नावं ठेवली. म्हातारा असा चिडला की दिवसभर पानंच बांधत बसला, आणि बोटं चालायला लागली.

तो रबरी चेंडू रंजीतानं दिलेला होता. म्हातारा आधी तिचाच पेशंट होता.

हे लिहिताना तिचा नुसता जळफळाट झाला. तिनं तो मजकूर खोडलाही. पण उतरला होता इतका झकास की राहवेना, परत घातला. मग त्याच दवाखान्यासाठी तिनं स्वतःचा अर्ज लिहिला. त्यात मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर असं सगळं होतं. सांगण्यासारखा म्हातारा तेवढा नव्हता.

कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून हेच चाललं होतं. मार्क रंजीताला आणि माणसं सुकरीला. रंजीता वॉर्डात शिरली की खाटेवरच्या बायका तिच्या मागे बघायच्या. “ते हासनारी पोट्टी नाई आली का?” असं तिलाच विचारायच्या. आणि रंजीतालाच सांगावं लागायचं, येतेय हो, येतेय.

“मॅडम, आहात न?” इंदुताईंनी विचारलं. “येत असाल तर सांगा. नाईतर यादीत दुसरं नाव हाय. तुमच्याच सोबतची दिसते. रंजीता भांडेकर.”

सुकरीला काय, कुठेही नोकरी मिळेल. ती नुसती हसेल आणि मिळेल. गावाहून आल्यावर विचारेल, फोन आला होता का, आणि आपण नाही म्हणून मान हलवायची. तेवढंच तर करायचं होतं.

“मी सुकरीच बोलून राह्यली,” ती म्हणाली. हेलही सुकरीचाच काढला. तो हुबेहूब जमला. इतकी वर्षं कानात दुसरं होतंच काय? “मले नाई जमत जी. दुसरीकडे लागली मले नोकरी.”

“अरेरे. बरं, ठीक हाय,” म्हणून इंदुताईंनी फोन ठेवला.

रंजीता खाटेवर बसली. लाज काही वाटेना. उलट फार दिवसांनी मोकळं मोकळं वाटत होतं. एकदा तरी सुकरी मागे आणि आपण पुढे! कोणते कपडे न्यायचे, गाडी कुठून बदलायची, मनातल्या मनात तिची बांधाबांध सुरूही झाली.

फोन परत वाजला. तोच नंबर होता.

उतावीळ दिसू नये म्हणून तिनं तो थोडा वाजू दिला. मग घसा साफ केला आणि शाळेत शिकवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, “नमस्कार. मी रंजीता भांडेकर बोलते आहे.”

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

“बाई,” इंदुताई सावकाश म्हणाल्या, “माह्यासमोर दोन अर्ज हायेत, अन् दोन्हीवर नंबर एकच हाय. मले वाटलं, मीच चुकून मघाचा लावला.”

अख्ख्या बॅचच्या अर्जांतल्या चुका रंजीतानं शोधून काढल्या होत्या. हे तेवढं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“ते… सुकरीच्या गावात टॉवर नाई, म्हणून…” तिच्या तोंडून निघून गेलं.

“अस्सं,” इंदुताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “मंग सुकरीले आमची नोकरी नाई पाहिजे, हे सुकरीले मालूम हाय का?”