घरचं दावं

शनिवारी दुपारी बाराला अलिबागच्या शेतकी प्रदर्शनात शाळकरी मुलांच्या गटाचा निकाल लागला. गोदूची शेळी पोवळी पहिली आली. दावं जरासुद्धा न ओढता ती गोदूच्या मागून मैदानभर चालली, हे परीक्षकांना फार आवडलं. पावसाळाभर गोदूने तिला तेच शिकवलं होतं. नंबर आला तर बा तिला विकणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. पण पोवळीच्या गळ्यातली लाल फीत पाहूनच मुंबईचं गिऱ्हाईक चालून आलं.

"लाँचीत चढवायला तूच चल," बाप तिच्याकडे न बघता म्हणाला. "दुसऱ्याच्या हाताला ती हलायची न्हाय."

संध्याकाळी रेवसच्या धक्क्यावर गोदू फळीवरून पुढे गेली आणि पोवळी मुकाट मागोमाग आली. विकलेल्या जनावराबरोबर घरचं दावं देत नाहीत, म्हणून बापाने ते सोडून गोदूच्या हातात दिलं. गिऱ्हाइकाने आपली दोरी बांधली.

"काका, पाळणार ना हिला?" गोदूने विचारलं.

"लई गुणाची हाय गो तुझी शेळी," तो हसला. "उतर आता, लाँच सुटतेय."

गोदू उतरली. नेहमीसारखी पोवळीही तिच्यामागे निघाली, तशी दोरी ताणली. लाँच खाडीबाहेर वळेपर्यंत ती ताणलेलीच दिसत होती.