हव्वाबींचा जनाजा

"ज्यांनी आम्हाला जगात आणलं, त्या हव्वाबींना आम्ही खांदासुद्धा द्यायचा नाही?" खाडीकाठच्या त्या गावात जो तो इमाम याकूबसाहेबांना हेच विचारत होता. हव्वाबी गावच्या सुईण होत्या. पण साथ चालू होती आणि सरकारी हुकूम होता, जनाज्याला पाचच माणसं.

"दुवा घरातूनही पोहोचते," इमामांनी समजूत घातली. लोक डोळे पुसत घरी थांबले.

दुपारी कब्रस्तानात जनाज्याच्या नमाजसाठी इमाम पुढे आणि चौघे मागे उभे राहिले. फाटकाशी हवालदार खरपुडे पहाऱ्याला होते. पहिल्या 'अल्लाहु अकबर'नंतर इमामांना मागे सुक्या पानांवर पावलं वाजलेली ऐकू आली. हलकी, अनवाणी, पुष्कळ पावलं. रांगा लागाव्यात तशी ती सरकत आली आणि थांबली. नमाज चालू असताना मागे वळता येत नाही. इमामांनी तशीच नमाज पुरी केली.

वळून पाहिलं तर मागे चौघेच होते.

तेवढ्यात हवालदार तावातावाने आत आले. "मोठ्यांना अडवलंत आणि एवढी लहान लहान मुलं आणलीत? एकाच्याही तोंडाला मास्क नाही! आता कुठे पळाली सगळी?"

इमामांची नजर कोपऱ्यातल्या वीतभर कबरींकडे गेली. जन्मल्यावर डोळेही न उघडलेली ती बाळं हव्वाबींनीच न्हाऊ घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून दफनासाठी इमामांच्या हातात दिली होती.

"पळाली नाहीत, साहेब," इमाम हळूच म्हणाले. "ती इथंच राहतात."