निव्वळ वजन

सकाळी साडेसहाला खुराड्याचं दार उघडलं, तेव्हा तांबडी बाहेर आली नाही. ती कोपऱ्यात पिसं फुगवून बसली होती. प्रत्येक श्वासाला घरघर ऐकू येत होती.

"मान पिरगाळा आणि मोकळे व्हा," मुलगा दात घासता घासता म्हणाला. "दुसरी आणू."

"तुला ताप यायचा तेव्हा आम्ही दुसरा आणला का रे?" त्याची आई म्हणाली. "मी असेपर्यंत हिच्या मानेला कुणी हात लावायचा नाही."

वडील मध्ये पडले नाहीत. ते जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावत होते.

गल्लीत वडिलांना काटेवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. हयातभर त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरी केली होती. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, माल उतरला की रिकामा घ्यायचा, वजाबाकी करायची. ती वजाबाकी म्हणजे माल. बाकी आकड्यांशी त्यांना देणंघेणं नसे.

डॉक्टरांनी औषध दिलं, पण हातचं राखून बोलले. "ही बाटली मोठ्या जनावरांची आहे. किलोला अर्धा मिली, सकाळ-संध्याकाळ. कमी पडलं तर गुण नाही, जास्त झालं तर कोंबडी जाईल. दर पंधरा दिवसांनी वजन करा, त्याप्रमाणे डोस बदला. अंदाजपंचे काही नको. आणि तिची अंडी कुणी खायची नाहीत."

स्वयंपाकघरातल्या काट्यावर तांबडी ठरेना. काटेवाल्यांनी उचलली की ती चोच मारी. गप्प बसे ती फक्त काकूंच्या हातात. तेव्हा काटेवाल्यांनी माणसांचा काटा मागच्या अंगणात फरशीवर ठेवला.

"चपला काढ. खिशात काय आहे?"

"किल्ल्या."

"त्या पण काढ."

"अहो, ट्रकची तरी एवढी झडती घेत होतात का?"

"ड्रायव्हर वजन वाढवायला टाकीत पाणी भरून आणायचे."

"मी आत्ताच चहा प्यायलेय. काढून ठेवू?"

काकू कोंबडी घेऊन उभ्या राहिल्या. मग कोंबडी खाली सोडून पुन्हा उभ्या राहिल्या. काटेवाल्यांनी दोन्ही वेळा वाकून आकडा वाचला आणि तोंडी हिशेब केला. तांबडी एक किलो आठशे. डोस पॉइंट नऊ. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये औषध भरून त्यांनी ती उजेडात धरली, बुडबुडा घालवला, तेव्हा कुठे काकूंनी चोच उघडली.

पुढच्या वजनाला मुलगा म्हणाला, "बाबा, मागचंच रिकामं वजन धरा की. आईला दोनदा कशाला चढवता?"

"तिथंच तर चोरी होते. रिकामं वजन दर वेळी नव्यानं घ्यायचं. माझ्या काट्यावर जुनं वजन कधी चाललं नाही."

शेजारी भिंतीवरून डोकावले. "काय काटेवाले, पेशंटला आयसीयूत कधी हलवताय?"

"एकच खाट आहे. तुमच्यासाठी ठेवलीय."

पहिली बाटली संपली, घरघर थांबली, आणि आठवडाभरात पुन्हा सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, सोडून द्या. काटेवाल्यांनी दुसरी बाटली आणली. काकू आपल्या ताटातलं अर्ध्याहून जास्त तांबडीपुढे टाकू लागल्या.

"सगळं तिलाच घालतेस," काटेवाले म्हणाले.

"मला नाही जात. तिला जातंय ना, मग जाऊ दे."

एकदा दाणे कालवताना काकूंची अंगठी बोटातून निसटून भांड्यात पडली. तांबडीची चोच पोचायच्या आत काटेवाल्यांनी ती उचलली. "गिळली असती तर वजन खोटं आलं असतं," ते म्हणाले. काकू हसता हसता खाली बसल्या.

मुलाचा धीर सुटला. "ही बाटली संपेपर्यंत. तोवर वजन वाढलं तर ठेवा. नाहीतर मी तिला घेऊन जातो, आणि कुठं नेली ते विचारायचं नाही."

"चालेल. शेवटच्या वजनाला तू समोर उभा राहा."

तो राहिला. काटेवाल्यांनी दोन आकडे वाचले. मुलानं ते मोबाइलवर टाकले आणि वजाबाकी केली.

"दोन किलो चारशे," तो म्हणाला. मग त्याला हसू आलं. "जिंकलात. ठेवा."

तांबडी फडफडत कुंपणाकडे पळाली. काटेवाल्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सोडून द्यायला सांगणाऱ्या माणसाला त्यांना हा आकडा स्वतः ऐकवायचा होता.

"दोन चारशे?" डॉक्टर म्हणाले. "आजारी कोंबडी एवढी भरत नाही हो. काटा बिघडलाय तुमचा."

"माझ्या काट्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, डॉक्टर. दर वेळी आधी मी स्वतः उभा राहतो. एकाहत्तर. कधीही या आणि बघा, एकाहत्तर."

"बरं. मग वजाबाकी नको. मूळ आकडे सांगा, पहिल्यापासून."

काटेवाल्यांना ते तोंडपाठ होते. त्यांनी जोडीजोडीनं घडाघडा सांगितले. पलीकडे डॉक्टर लिहून घेत होते.

"वजाबाक्या बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले. "आता कोंबडी हातात नसतानाचे तेवढे सांगा. ओळीनं."

"एकसष्ट सहाशे," काटेवाले ठसक्यात म्हणाले. "एकोणसाठ आठशे. सत्तावन्न." ते थांबले.

"आणि आजचं?"

काकू पायरीवर बसल्या होत्या. एक हात भिंतीला टेकलेला होता.

"चोपन्न," काटेवाले म्हणाले.

डॉक्टर काहीतरी विचारत होते. काटेवाल्यांनी फोन कट्ट्यावर ठेवला. चपला काढल्या. खिशातला चष्म्याचा डबा काढून फोनशेजारी ठेवला. मग ते काट्यावर उभे राहिले आणि वाकले.

एकाहत्तर.