उशिरा हजर

कुकरची शिट्टी झाली आणि दुपारची शांतता मोडली. पल्लवी गॅस बंद करून पुन्हा टेबलाशी बसली. विंचूरच्या कारखान्यासाठी हजेरी-पगाराची दोन सॉफ्टवेअर तपासून संध्याकाळपर्यंत एक ठेवायचं होतं, दुसरं काढून टाकायचं होतं. चाचणीपुरता तिने दोन्हींत फक्त स्वतःचाच चेहरा नोंदवला होता.

टॅबवर पहिलं उघडताच आवाज आला, "पल्लवी, हजर."

दुसरंही तेच बोललं. मग जरा थांबून म्हणालं, "धनराज, उशिरा हजर."

पल्लवीने टॅब जवळ ओढला. तिचा नवरा धनराज देवाघरी जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याचं नाव किंवा फोटो तिने कशातच घातला नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

तेवढ्यात ऑफिसातून रूपालीचा फोन आला. "अगं ताई, ठरव ना एकदाचं! साहेब माझं डोकं खातायत."

"पहिलंच बरंय गं," पल्लवी कशीबशी म्हणाली. "दुसरं चुकतंय."

फोन ठेवून तिने दुसरं काढायला बोट उचललं. मांडीवर चढलेल्या चिमुकल्या लेकीने, रेवाने, ते बोट घट्ट धरलं. ती भिंतीकडे बघून हसत होती.

"आई, हे काढलंस तर बाबा कुठे जातील?"